दादाच्या नळ्यांची सफाई

४ मार्च, सोमवार

हिने सांगितलं, "रोज जेवताना जे मला ऐकवता ते लिहून ठेवत जा. मी सवडीने वाचेन." तिला सवड कधीच होणार नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. तरी वही आणली. निदान जेवण गरम असताना पोटात जाईल, असं तिचं म्हणणं.

आजची बातमी अशी की दादाच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्यात. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमच्या गिझर-बॉयलर दुरुस्तीच्या दुकानातला अर्धा भागीदार आणि पूर्ण कामगार. वहिनी गेल्यापासून दुकानाच्या वरच्या खोलीत राहतो, जेवायला आमच्याकडे येतो. मागच्या आठवड्यात एक टाकी जिन्यावरून चढवताना मध्येच खाली बसला आणि म्हणाला, "थांब रे धाकट्या, छातीत कोणीतरी पाना फिरवतंय." आज हृदयाच्या डॉक्टरबाईंनी पडद्यावर नळ्या दाखवल्या आणि बायपास सांगितली. बाई तरुण आहेत, भराभर बोलतात. "विचार करा, पण फार दिवस लावू नका," म्हणाल्या.

येताना गाडीत दादा खिडकीबाहेर बघत होता आणि मी त्याला नळ्यांचं शास्त्र समजावत होतो. दादा स्वतः होऊन काही ठरवत नाही. त्याच्या चष्म्याची फ्रेम मी निवडतो. त्याच्या लग्नासाठी मुलगी बघून आलो तेव्हा मी शाळेत होतो, तरी परतताना त्याने मलाच विचारलं होतं. निवड उत्तम निघाली, तेव्हापासून त्याला सवयच लागली. आता हेही माझ्याच गळ्यात आहे.

६ मार्च

विचार केला. नळीत क्षार साठला म्हणून कोणी नळी कापून दुसरी जोडत नाही. आधी अॅसिड फिरवून बघतात. क्षार सुटतो, घाण वाहून जाते, नळी पुन्हा दहा वर्षं चालते. हे मी हिला सांगितलं. ती म्हणाली, "भाऊजी गिझर नाहीत."

मी म्हटलं, ते मलाही कळतं. गिझर असते तर आज सकाळीच खोलून बघितले असते.

८ मार्च

याला योगायोग नाही तर काय म्हणायचं! एका शुद्धी केंद्रातून गिझरची तक्रार आली. केंद्र म्हणजे चपलांच्या दुकानावरचा मजला. आत पाय पसरायच्या मऊ खुर्च्या, त्यात माणसं बसलेली आणि प्रत्येकाच्या हाताला सलाईन. गिझरचा एलिमेंट जळाला होता. तो बदलता बदलता विचारलं, हे काय चाललंय? तिथले मुख्य गृहस्थ, ज्यांना सगळे 'सर' म्हणतात, त्यांनी सांगितलं की सलाईनमधून असं औषध देतात की ते रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम आणि शिसं वगैरे धातू पकडतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. कापाकापी नाही, भूल नाही.

मी म्हटलं, "म्हणजे डिस्केलिंग. आम्ही टाकीतला क्षार काढतो तसं."

"अगदी तेच," सर म्हणाले. मी हत्यारं आवरून निघालो तोवर त्यांनी हा शब्द दोन रुग्णांना ऐकवलासुद्धा होता. भिंतीवर त्यांची चार प्रमाणपत्रं आहेत. अक्षर इतकं वळणदार आहे की पदवी कोणती ते मला वाचता आलं नाही.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "कापणार नाहीत ना?" मी म्हटलं, नाही. म्हणाला, "मग ठीक आहे." केवढा हलका झाला चेहरा! मला फार बरं वाटलं.

११ मार्च

आज केंद्रात दादाची तपासणी. आधी औषधाचं एक इंजेक्शन देतात आणि मग लघवी तपासतात. पद्धत मला पटली. अॅसिड ओतल्याशिवाय टाकीत गाळ किती आहे ते कसं कळणार? दादाच्या रिपोर्टवर शिशाची पट्टी थेट लाल. मलाही कुतूहल वाटलं म्हणून माझीही तपासणी करून घेतली. लाल.

सरांना विचारलं, हिरवी पट्टी किती जणांची येते? ते म्हणाले, "आजवर इथे एकाचीही आलेली नाही. यावरून परिस्थिती किती गंभीर आहे बघा." खरंच गंभीर आहे. माझंही नाव नोंदवलं, पण आधी दादाचं उरकू.

१३ मार्च

पहिली सलाईन. तीन तास लागले. सिस्टर मवाळ स्वभावाच्या आहेत, पण नळीवरच्या त्या छोट्या चाकाला कोणाला हात लावू देत नाहीत. "हे सावकाशच जायला हवं," असं प्रत्येकाला सांगतात. का, ते विचारलं तर म्हणाल्या, "आम्हाला तसं सांगितलंय."

दादाच्या हाताला सुई टोचली तिथे आग होत होती आणि घरी आल्यावर डोकं धरलं. सरांना फोन केला. म्हणाले, साचलेलं विष बाहेर पडताना त्रास हा व्हायचाच.

आजपासून दादाचं दूध बंद केलं. रोज झोपण्याआधी पेलाभर दूध घेतो तो, लहानपणापासून. एका बाजूने कॅल्शियम काढायचं आणि दुसऱ्या बाजूने ओतायचं, याला काय अर्थ आहे? दादाने पेला परत दिला. ही मात्र बराच वेळ तो पेला हातात धरून उभी होती.

१६ मार्च

दादाच्या ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. सकाळी स्क्रू हातातून सुटला, पुन्हा उचलला, पुन्हा सुटला. म्हणजे इतके दिवस जिथे रक्त पोचत नव्हतं तिथे ते आता पोचतंय. शुभ लक्षण.

त्याला विचारलं, "बरं वाटतंय ना?" म्हणाला, "हो." हिचं म्हणणं, मी प्रत्येक प्रश्नाला 'ना' लावूनच विचारतो, मग तो बिचारा दुसरं काय सांगणार?

२० मार्च

आज घरात वाजलं.

काल तिसरी सलाईन झाली. आज दुकानात थर्मोस्टॅट बसवताना दादाचा उजवा हात आखडला. बोटं एकमेकांना चिकटून ताठ, अंगठा आत, मनगट वाकडं, आणि काही केल्या हात उघडेना. पाना मी सोडवून घेतला. पाच-दहा मिनिटांनी हात सैल झाला. दादा हसत म्हणाला, "हातही तुझंच ऐकतो बघ." पोटऱ्यांत गोळेही येतात. सर म्हणाले, शरीर जोमाने घाण बाहेर टाकतंय, ही तर सर्वात चांगली खूण. पुढच्या खेपेला औषध थोडं वाढवू या, असंही म्हणाले.

दुपारी डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातून फोन आला की उद्याची वेळ पक्की आहे. कोणाची वेळ? दादाची. कोणी घेतली? हिने, मला न विचारता. मी ती रद्द केली. उपचार अर्ध्यावर आलेला असताना त्या बाईंकडे नेऊन दादाला पुन्हा कापाकापीची भीती घालायची? ही स्वयंपाकघरातून बाहेर आली ती ओला हात तसाच घेऊन.

"मुंग्या आल्या तरी चांगलं, हात वाकडा झाला तरी चांगलं," ती म्हणाली. "अहो, वाईट कशाला म्हणायचं तेवढं एकदा सांगून ठेवा. म्हणजे आलं की ओळखता येईल."

मी म्हटलं, या विषयातलं तुला काही कळत नाही. ती म्हणाली, "मला कळत नाही हे मला कळतं तरी." दादा टेबलापाशीच बसला होता. खाली मान घालून जेवत होता. आमच्या भांडणात तो कधी पडत नाही.

२३ मार्च

दादाचे बूट चढेनात. पावलं जराशी सुजल्यासारखी दिसतात. लघवीही कमी होते म्हणतो. उन्हामुळे असेल. त्याला एक नंबर मोठे बूट आणून दिले. खूश झाला.

२९ मार्च

मंगळवारचं आज लिहितोय. मध्ये वही हातात घेववली नाही.

मंगळवारी पाचवी सलाईन. दादा नेहमीच्या खुर्चीत, मी बाजूच्या स्टुलावर. अर्ध्याहून जास्त पिशवी शिल्लक असताना लॉन्ड्रीवाल्याचा फोन आला की बॉयलर बंद पडलाय आणि कपड्यांचा डोंगर झालाय. लगेच या, नाहीतर दुसऱ्याला बोलावतो. आमचं सर्वात जुनं गिऱ्हाईक. मी सिस्टरांना शोधलं, त्या आतल्या खोलीत कोणाची तरी सुई बसवत होत्या. थेंब पडत होते ते असे, की एक पडला की दुसऱ्याची वाट बघावी. दादा डोळे मिटून पडला होता.

आमच्या कामात अॅसिड सावकाश फिरवलं तर क्षार अर्धवटच सुटतो. पंप वाढवला की काम चोख होतं. शेकडो टाक्यांवर मी हे केलंय. मी ते चाक वर ढकललं. थेंबांची धार झाली. पिशवी बघता बघता रिकामी व्हायला लागली आणि मला खरोखर समाधान वाटलं.

थोड्या वेळाने दादा म्हणाला, "धाकट्या, तोंड बधिर झालंय." मग हात वाकडा झाला, मग दुसरा. मग तो सगळाच ताठला आणि खुर्चीत थडथड उडायला लागला. खुर्ची भिंतीवर आपटत होती. मी त्याला धरलं, पण त्याला धरणं शक्य नव्हतं. मी ओरडलो. सिस्टर धावत आल्या, चाक बघितलं आणि नळी बंद केली. मग त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यांनीच अँब्युलन्सला फोन केला. सर आले. त्यांचं म्हणणं, पेशंटला खाली फुटपाथवर न्या, अँब्युलन्सला जिना अवघड पडतो. सिस्टर म्हणाल्या, "नाही हलवायचं त्यांना." इतक्या दिवसांत मी प्रथमच त्यांचा आवाज चढलेला ऐकला. अँब्युलन्सवाल्यांना सरांनी सांगितलं, चक्कर आली आहे.

हॉस्पिटलात डॉक्टरबाईच होत्या. पडद्यावरची रेघ वेडीवाकडी धावत होती. त्यांनी विचारलं, कोणतं औषध? मी केंद्राचं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. किती दिलं? माहीत नाही. किती वेळात गेलं?

ही तोवर येऊन पोचली होती. माझ्या शेजारीच उभी होती. सांगायचं नसतं तर न सांगणं सोपं होतं. मला कोणी बघितलेलं नव्हतं. सिस्टरांना संशय होता तेवढाच.

मी म्हटलं, "तीन तासांचं होतं. शेवटची अर्धी पिशवी दहा-पंधरा मिनिटांत गेली. मी चाक उघडलं."

बाई वळल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "कॅल्शियम आणा." एक इंजेक्शन त्यांनी स्वतःच्या हाताने, पडद्यावरून नजर न हलवता, अगदी सावकाश दिलं. मग आणखी एक. जे काढायला मी दोन आठवडे दादाला तिथे नेत होतो, ते इथे थेंबाथेंबाने परत भरत होते, आणि जसजसं ते आत जात होतं तसतशी रेघ सरळ चालीवर येत होती. मी ते सगळं उभा राहून बघितलं. हिने मला खाली बसवलं.

३० मार्च

दादा जिवंत आहे. अजून काचेपलीकडेच आहे. डॉक्टरबाईंनी मला खोलीत बोलावून समजावलं. त्या भराभर बोलतात, तरी आज मला सगळं कळलं.

हृदयाच्या वाहिनीतला तो थर नळीच्या आतून चिकटलेला क्षार नसतो, तो भिंतीतच मुरलेला असतो. औषध तिथे जात नाही. ते रक्तातलं कॅल्शियम पकडतं, आणि त्याच कॅल्शियमवर हृदय चालतं, हात चालतात, सगळंच चालतं. ते एकदम उतरलं की झटके येतात, हृदय थांबतं. माणसं दगावलेली आहेत. चाक उघडलं नसतं तर? मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तर बहुतेक त्या दिवशी हे झालं नसतं. मुंग्या, हात वाकडा होणं, हे सगळं तुम्हाला आधीच सांगत होतं." सूज उन्हामुळे नव्हती. पकडलेला धातू बाहेर टाकायचं काम किडन्यांना करावं लागतं, आणि त्या आता दुखावल्या आहेत. त्या सावरेपर्यंत बायपास करता येणार नाही. पूर्ण सावरतील का, ते आत्ता सांगता येत नाही.

"मग हे औषध कोणालाच देत नाहीत?" मी विचारलं.

"या जातीची औषधं देतात, ज्यांच्या अंगात खरंच शिसं गेलंय त्यांना. हॉस्पिटलात, रोज रक्त तपासून, किडन्या बघून. आणि तपासणी आधी, औषध नंतर. औषध देऊन मग लघवी तपासली तर कोणाचीही पट्टी लाल येईल."

"तिथे सगळ्यांचीच येत होती," मी म्हटलं.

"हो," बाई म्हणाल्या. एवढंच.

१ एप्रिल

केंद्रात जाऊन आलो. खुर्च्या तशाच भरलेल्या. सर मला दारातच भेटले आणि त्यांनी हात झटकले. म्हणाले, आमच्या उपचारात काही दोष नाही, नातेवाइकाने चाकाला हात लावला. महिनाभरात त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य, आणि ते नेमकं माझ्याबद्दल निघालं. मी आत शिरून खुर्च्यांतल्या माणसांना सांगायला लागलो की उठा, घरी जा, मुंग्या आल्या असतील तर हॉस्पिटलात जा. एक आजोबा म्हणाले, "अहो, हे डिस्केलिंग आहे, थोडा त्रास होणारच." सरांनी मला बाहेर काढलं.

तिथून तसाच आरोग्य खात्याच्या कचेरीत गेलो आणि तक्रार लिहून दिली. चाकाचंही लिहिलं. सिस्टर माझ्या आधीच येऊन गेल्या होत्या.

३ एप्रिल

दादाला साध्या खोलीत आणलं. आवाज खोल गेलाय, पण ओळखतो, बोलतो. ही पेज भरवत होती. मी ठरवून गेलो होतो. हिला बाहेर पाठवणार होतो, पण मग म्हटलं, राहू दे.

"दादा, त्या दिवशी सलाईन मी जोरात सोडली होती. तुला झोप लागली होती तेव्हा."

"झोप कुठली," दादा म्हणाला. "बघत होतो की मी. पापणी किलकिली होती."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने प्रश्नच कळला नाही असा चेहरा केला. "तूच करत होतास ना रे."

मी बाहेर व्हरांड्यात येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. खूप रडलो. एक वॉर्डबॉय विचारून गेला, कोणी गेलं का? मी म्हटलं, नाही.

८ एप्रिल

किडन्यांचे आकडे किंचित सुधारलेत. डॉक्टरबाई सकाळी आल्या आणि त्यांनी पुढचं मांडलं. काही आठवडे थांबायचं, गोळ्या चालू ठेवायच्या, किडन्या सावरल्या तर बायपास. धोका आधीपेक्षा वाढलाय, पण न करण्यातला धोकाही लहान नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "काका, तुम्ही सांगा. करायची का?"

दादाने माझ्याकडे बघितलं.

मला उत्तर येत होतं. मला नेहमीच येतं. तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हटलं, "मला नाही माहीत, दादा. तुला काय वाटतं?"

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. झटके आले, नळ्या घातल्या, एवढं सगळं झालं तेव्हा घाबरला नव्हता तेवढा आत्ता घाबरला. माझ्याकडे, हिच्याकडे, पुन्हा माझ्याकडे बघत राहिला. मी ओठ दातांखाली धरून ठेवला होता. हिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

शेवटी दादा डॉक्टरबाईंकडे वळला आणि अगदी हळू म्हणाला, "मला एक भीती वाटते."

बाईंनी स्टूल ओढलं आणि बसल्या. "कशाची?"

"मध्येच जाग आली तर? छाती उघडी असताना. आणि हात बांधलेले."

"पहिल्यापासून हीच भीती होती?"

"हो."

बाईंनी त्याला सांगितलं. भूल कशी देतात, भूलतज्ज्ञ सगळा वेळ डोक्याशी कसा बसून असतो, भूल उतरू लागली तर यंत्रावर आधी कसं कळतं, जाग येणं किती विरळा आणि ते टाळायला काय करतात. भराभर नाही, सावकाश सांगितलं. दादाने दोन प्रश्न विचारले, त्यांचीही उत्तरं दिली. हे सगळं होऊनही दादाच्या कपातला चहा अजून गरम होता.

"मग करू या," दादा म्हणाला.

हे एवढंच होतं. मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.